हिरवळीवरचा यंत्रमानव : किंमत, खर्च आणि किफायत

वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंमत एकदाच द्यावी लागते आणि ती पावतीवर छापलेली असते. खर्च मात्र ती वस्तू घरात असेपर्यंत चालू राहतो आणि तो कोणत्याही एका पावतीवर दिसत नाही. घरगुती अर्थव्यवहारातील अनेक चुकीचे निर्णय या दोहोंतील फरक ध्यानात न घेतल्यामुळे होतात. हा फरक समजून घेण्यासाठी युरोपातील बागांमध्ये आता चांगलेच रुळलेले एक यंत्र उदाहरण म्हणून उपयोगी पडते. ते यंत्र म्हणजे हिरवळ आपोआप कापणारा यंत्रमानव.

प्रस्तुत लेखात या यंत्राचा विचार जर्मनीतील घरगुती बागेच्या संदर्भात केला आहे. तेथे घराभोवती हिरवळ राखण्याची प्रथा जुनी आहे, मजुरी महाग आहे आणि हे यंत्र सहज उपलब्ध आहे. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही भाड्याच्या सदनिकेतून बाग असलेल्या घरात गेल्यावर हा प्रश्न हमखास पडतो. हे यंत्र घ्यावे की आठवड्यातून एकदा स्वतःच गवत कापावे?

विळ्यापासून यंत्रमानवापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपात हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई किंवा मेंढ्यांकडून चारून घेतली जाई. साहजिकच राखलेली हिरवळ हे धनिकांचे वैभव होते. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग या तंत्रज्ञाने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापड गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू एकसारखे छाटणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे मानले जाते. त्यानंतरच्या काळात हे यंत्र पेट्रोलवर, पुढे विजेवर चालू लागले. तथापि त्याच्या मागे चालणारा माणूस मात्र तसाच राहिला.

तो माणूस दूर करण्याचे श्रेय मुख्यतः स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीकडे जाते. १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या या कंपनीने १९९५ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणारे स्वयंचलित गवत कापणी यंत्र बाजारात आणले. काही वर्षांतच सौरपट्ट्यांची जागा पुन्हा पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीने घेतली आणि यंत्र स्वतःच वीज घेण्यासाठी आपल्या तळाशी परतू लागले. आज बाजारात असलेल्या बहुतेक यंत्रांची मूळ रचना हीच आहे.

यंत्राची कार्यपद्धती

या यंत्राचा हिशेब मांडण्यापूर्वी ते नेमके काय करते व काय करीत नाही, हे पाहणे आवश्यक आहे. पारंपरिक पद्धतीत हिरवळीच्या कडेने जमिनीवर किंवा जमिनीत थोडी खोल एक तार फिरवली जाते. तारेतून अत्यंत सौम्य विद्युत संकेत वाहतो. यंत्र तारेजवळ आले की तो संकेत ओळखून दिशा बदलते. फुलझाडांचे वाफे किंवा लहान तळे असल्यास त्यांभोवतीही तार फिरवावी लागते. अलीकडच्या काही यंत्रांना तार लागत नाही. ती उपग्रहाच्या संकेतांवरून, कॅमेऱ्याच्या साहाय्याने किंवा लेझर किरणांनी अंतर मोजून आपली जागा निश्चित करतात. उपग्रहावर विसंबणाऱ्या यंत्राला मोकळे आकाश हवे असते. दाट वृक्ष किंवा उंच भिंती असल्यास त्याची अडचण होते.

यंत्राच्या पोटाशी दाढीच्या पात्यांसारखी छोटी पाती फिरत असतात. ती एका वेळी गवताचे केवळ टोक छाटतात. बागकामाचा एक सर्वमान्य नियम असा आहे की, एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक गवत कापू नये. आठवडाभर वाढलेले गवत एकदम कापताना हा नियम अनेकदा मोडला जातो. यंत्रमानव वरचेवर थोडे थोडे कापत असल्यामुळे तो आपोआप पाळला जातो. कापलेले बारीक तुकडे तेथेच पडून कुजतात आणि त्यांतील नत्र मातीला परत मिळते. हिरवळीला लागणाऱ्या खताची सुमारे एक चतुर्थांश गरज अशा रीतीने भागू शकते. शिवाय कापलेले गवत गोळा करून टाकून देण्याचे कष्टही वाचतात.

आता काय होत नाही, तेही पाहू जाता, भिंतीलगतची आणि कुंपणालगतची पट्टी बहुतेक यंत्रांकडून सुटते. ती हातानेच कापावी लागते. सर्वसाधारण यंत्रे साधारण ३५ टक्क्यांपर्यंतचा उतार चढू शकतात, त्याहून अधिक उताराला विशेष व महाग यंत्र लागते. गळून पडलेली सफरचंदे, मुलांची खेळणी, पाण्याची नळी या गोष्टी आधी उचलाव्या लागतात. हिवाळ्यात यंत्र स्वच्छ करून घरात ठेवावे लागते. तात्पर्य, हे यंत्र काम करते, परंतु देखरेखीतून पूर्ण मुक्ती देत नाही.

मध्यम बागेचा हिशेब

उदाहरणादाखल ४०० चौरस मीटरची, सपाट आणि फारसे कानेकोपरे नसलेली हिरवळ घेऊ या. जर्मनीत गवत साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने वाढते. या काळात २८ वेळा कापणी होते व प्रत्येक वेळी एक तास लागतो, असे धरल्यास वर्षाला २८ तास खर्ची पडतात. १,००० युरोंचा यंत्रमानव घेतला, तो आठ वर्षे टिकला आणि अखेरीस त्याला भंगारमूल्य उरले नाही, असे गृहीत धरू. विजेचा दर युनिटला ४० सेंट आणि ठेवीवरील व्याज द.सा.द.शे. २ टक्के मानू. हे आकडे केवळ गणितासाठी आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

यंत्रमानवाचा वार्षिक खर्च पुढीलप्रमाणे येतो :

स्थिर हप्ता पद्धतीने घसारा (१,००० ÷ ८) : १२५ युरो
आठ वर्षांत एकदा १२० युरोंची नवी बॅटरी : १५ युरो
पाती : २५ युरो
किरकोळ दुरुस्ती : ४० युरो
वीज (महिना १० युनिटप्रमाणे ७० युनिट) : २८ युरो
अडकलेल्या भांडवलावरील व्याज (सरासरी ५०० युरोंवर) : १० युरो
एकूण : २४३ युरो

यातील शेवटची बाब अनेकांच्या हिशेबातून सुटते. यंत्रात गुंतवलेली रक्कम ठेवीत असती तर तिच्यावर व्याज मिळाले असते. ते न मिळणे हाही खर्चच होय. घसाऱ्यामुळे यंत्राचे मूल्य दरवर्षी घटत जाते, म्हणून सरासरी निम्म्या रकमेवर व्याज धरले आहे.

हेच काम ३०० युरोंच्या, हाताने ढकलायच्या विद्युत यंत्राने केल्यास, दहा वर्षांच्या आयुष्यावर घसारा ३० युरो, धार व देखभाल २० युरो, वीज ५ युरो आणि व्याज ३ युरो मिळून वर्षाला ५८ युरो खर्च येतो. म्हणजे यंत्रमानवासाठी वर्षाला १८५ युरो अधिक मोजावे लागतात.

या १८५ युरोंच्या मोबदल्यात काय मिळते? २८ तासांचे काम वाचते. परंतु पाती बदलणे, चाकांतील माती काढणे, वसंतात यंत्र मांडणे व शरदात आवरणे यांसाठी वर्षाला आठ तास द्यावे लागतात, असे मानू. कडेची कापणी दोन्ही पद्धतींत सारखीच असल्याने ती हिशेबाबाहेर ठेवली आहे. निव्वळ बचत २० तासांची झाली. १८५ ला २० ने भागले असता उत्तर येते ताशी ९.२५ युरो. यंत्रमानव विकत घेताना वस्तुतः ग्राहक या दराने वेळ विकत घेत असतो. १ जानेवारी २०२६ पासून जर्मनीतील कायदेशीर किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, हे लक्षात घेता हा दर वाजवी म्हणावा लागेल.

अर्थात, वाचलेल्या वेळाचे मोल प्रत्येकाला वेगळे असते. शनिवारची सकाळ हिरवळीवर घालवणे हा एखाद्याचा विरंगुळा असेल, तर त्याच्या बाबतीत वाचलेला तास हा लाभ नसून तोटा ठरेल. उलटपक्षी पाठीच्या दुखण्यामुळे यंत्र ढकलता न येणाऱ्या ज्येष्ठाला त्याच तासाचे मोल कितीतरी अधिक वाटेल.

ज्या घरी माळ्याला पैसे देऊन गवत कापून घेतले जाते, तेथे तुलना निराळी होते. ताशी ३५ युरो दराने २८ तासांचे ९८० युरो होतात. जर्मनीच्या प्राप्तिकर कायद्यात घरगुती सेवांच्या मजुरीपैकी २० टक्के रक्कम, वर्षाला कमाल ४,००० युरोंपर्यंत, थेट करातून वजा करण्याची सवलत आहे. मात्र त्यासाठी रीतसर बिल असावे लागते आणि पैसे सेवा देणाऱ्याच्या बँक खात्यात भरलेले असावे लागतात. रोखीने दिलेली रक्कम या सवलतीस पात्र ठरत नाही. १९६ युरोंची ही सवलत धरूनही माळ्याचा खर्च ७८४ युरो राहतो. यंत्रमानवाच्या २४३ युरोंशी तुलना केली, तर त्याची किंमत दुसऱ्याच वर्षी वसूल होते. फक्त देखरेखीचे आठ तास आणि कडेची कापणी आता घरमालकाच्या वाट्याला येते, याचे भान ठेवले पाहिजे.

लहान बाग : चार आण्यांची कोंबडी

आता १०० चौरस मीटरच्या हिरवळीचा विचार करू. येथे हाताने कापणीस प्रत्येक वेळी २० मिनिटे, म्हणजे वर्षाला ९ तास २० मिनिटे पुरतात. लहान यंत्रमानव ६०० युरोंना मिळाला, तर घसारा ७५, बॅटरी १२, पाती १५, दुरुस्ती ४०, वीज ८ आणि व्याज ६ युरो मिळून १५६ युरो वार्षिक खर्च होतो. एवढ्या बागेला विजेविना चालणारे, १०० युरोंचे ढकलयंत्रही पुरेसे आहे. त्याचा घसारा, धार आणि व्याज मिळून वर्षाला २१ युरो खर्च येतो. फरक १३५ युरोंचा झाला.

येथे देखरेखीचे तास बागेच्या प्रमाणात घटत नाहीत. ४०० चौरस मीटरच्या यंत्राला आठ तास लागत असतील, तर १०० चौरस मीटरच्या यंत्रालाही सहा तास लागतातच. त्यामुळे निव्वळ बचत केवळ ३ तास २० मिनिटांची राहते आणि प्रत्येक वाचलेला तास सुमारे ४० युरोंना पडतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही. तेच यंत्र, त्याच गुणवत्तेचे, एका दारी किफायतशीर आणि शेजारच्या दारी उधळपट्टीचे ठरू शकते. या अभ्यासातून घेण्यासारखा मुख्य धडा हाच आहे.

आयुर्मानाचा प्रश्न

वरील गणिताचा सर्वांत नाजूक आकडा कोणता, असे विचारल्यास उत्तर आहे यंत्राचे आयुष्य. ४०० चौरस मीटरच्या उदाहरणात यंत्र आठऐवजी चारच वर्षांत निकामी झाले, तर घसारा वर्षाला २५० युरो होतो. नवी बॅटरी घ्यावी लागली नाही असे धरले, तरी एकूण खर्च ३५३ युरोंवर जातो. साध्या यंत्राशी फरक २९५ युरोंचा होतो आणि वाचलेला तास १४.७५ युरोंना पडतो. म्हणजे किमान वेतनाच्याही वर.

म्हणूनच खरेदीच्या वेळी शे-दोनशे युरोंच्या सुटीपेक्षा बॅटरी व सुटे भाग किती वर्षे मिळतील, दुरुस्ती जवळपास होते का आणि हमीत कोणत्या गोष्टी येतात, या प्रश्नांना अधिक महत्त्व द्यावे. जी यंत्रे भ्रमणध्वनीवरील आज्ञावलीशिवाय चालतच नाहीत, त्यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उद्भवतो. कंपनीने ती सेवा बंद केली, तर धडधाकट यंत्रही निरुपयोगी होऊ शकते.

हिशेबात न मावणाऱ्या बाबी

काही बाबी युरोंत मोजता येत नाहीत, पण निर्णयात त्यांना पहिले स्थान असले पाहिजे. त्यांत अग्रक्रम लहान मुलांचा. यंत्र उचलले किंवा कलंडले की पाती थांबावीत, अशी सोय या यंत्रांत असते. तरीही रांगणाऱ्या किंवा अनवाणी धावणाऱ्या मुलाचा हात वा पाऊल यंत्राच्या कडेखाली जाण्याचा धोका पूर्णतः टळत नाही. ग्राहकांसाठी वस्तूंची तुलनात्मक चाचणी घेणाऱ्या, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या जर्मन संस्थेने मुलांच्या हातापायांच्या प्रतिकृती वापरून या यंत्रांची परीक्षा घेतली आहे आणि अनेक यंत्रांतील उणिवा दाखवून दिल्या आहेत. मुले किंवा पाळीव प्राणी हिरवळीवर असताना यंत्र बंदच असावे, हा नियम अपवादाविना पाळावा. सुटीत नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांनीही यंत्र कुठे व कसे थांबवायचे, हे पहिल्याच दिवशी समजून घेणे श्रेयस्कर.

दुसरी बाब मुक्या जिवांची. हेजहॉग हा अंगावर काटे असलेला, कीटक खाणारा लहान प्राणी युरोपातील बागांमध्ये रात्री वावरतो. संकट आले की तो पळत नाही, अंगाचे वेटोळे करून जागीच थांबतो. त्यामुळे रात्री सोडलेल्या यंत्राच्या तो सहज तावडीत सापडतो. सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ यंत्रांची चाचणी मृत हेजहॉग वापरून घेतली होती. एकाही यंत्राला स्पर्श झाल्याविना प्राण्याची चाहूल लागली नाही. काही यंत्रे स्पर्श होताच इजा न करता वळली, तर काहींमुळे गंभीर जखमा झाल्या. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने युरोपीय हेजहॉगला संकटाच्या उंबरठ्यावरील प्राण्यांच्या वर्गात टाकले. त्याच वर्षी जर्मनीतील कोलोन शहराने रात्रीच्या वेळी हे यंत्र चालवण्यास मनाई केली. यावर उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. यंत्राची वेळ दिवसाची लावावी आणि सूर्यास्तापूर्वी ते तळाशी परतेल असे पाहावे.

तिसरी बाब शेजारधर्माची. पेट्रोलवरील यंत्राचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. यंत्रमानवाचा आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे दोन माणसांच्या बोलण्याइतका असतो. हा त्याचा निर्विवाद गुण आहे. तरीसुद्धा जर्मनीत २००२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार निवासी भागात रविवारी व सार्वजनिक सुट्यांच्या दिवशी, तसेच इतर दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ या वेळेत गवत कापणी यंत्रे चालवता येत नाहीत. आपले यंत्र शांत आहे म्हणून रविवारी सोडण्यापूर्वी स्थानिक नियमांची चौकशी करावी.

शेवटी, हिरवळ नेहमीच आखूड असावी काय, याचाही विचार युरोपात होऊ लागला आहे. ब्रिटनमधील प्लँटलाइफ या संस्थेने २०१९ पासून मे महिन्यात गवत न कापण्याची मोहीम चालवली आहे. गवतातील रानफुले उमलावीत आणि मधमाश्यांना आहार मिळावा, हा तिचा हेतू. बागेचा एक कोपरा यंत्राच्या हद्दीबाहेर ठेवला, तर खर्चही कमी होतो आणि हा हेतूही साधतो.

भारतातील परिस्थिती

हेच गणित भारतात मांडले, तर उत्तर बदलते. पुण्यातील किंवा नागपुरातील बंगल्याच्या बागेत येणारा माळी केवळ गवत कापत नाही. तो झाडांना पाणी घालतो, तण काढतो, छाटणी करतो, खत देतो. यंत्रमानव यांपैकी एकच काम करतो. त्यामुळे माळ्याच्या संपूर्ण वेतनाशी त्याची तुलना करणे चुकीचे ठरेल. तुलना गवत कापण्यात जाणाऱ्या तासांपुरतीच करावी लागेल, आणि तेथील मजुरीचा दर पाहता वाचलेला तास फार महाग पडेल. शिवाय गवत जोमाने वाढते ते नेमके पावसाळ्यात, जेव्हा ओल्या मातीत यंत्राची चाके रुततात व चिखलाने भरतात. जवळपास दुरुस्तीची सोय नसल्यास वर पाहिलेला आयुर्मानाचा प्रश्नही अधिक बिकट होतो. विस्तीर्ण आवाराच्या संस्थांनी विचार करणे वेगळे. घरगुती बागेपुरते बोलायचे, तर या यंत्राची खरेदी हौस म्हणून करावी, बचत म्हणून नव्हे.

खरेदीपूर्वी पाच प्रश्न

१. हिरवळ किती मोठी आहे, आणि ती सपाट व सलग आहे काय?
२. गवत कापण्यास वर्षाला प्रत्यक्षात किती तास लागतात? अंदाज न करता एक मोसम नोंद ठेवावी.
३. घसारा, बॅटरी, पाती, दुरुस्ती, वीज व व्याज धरून यंत्राचा वार्षिक खर्च किती?
४. त्यावरून वाचलेला एक तास कितीला पडतो, आणि तेवढे मोल देण्याची तयारी आहे काय?
५. घरात लहान मुले असल्यास यंत्राची वेळ आणि मुलांची वेळ वेगळी ठेवणे शक्य आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडली की निर्णय सोपा होतो. जर्मनीतील मध्यम वा मोठी, साध्या आकाराची हिरवळ, टिकाऊ यंत्र आणि दिवसाउजेडी वापर, इतक्या गोष्टी जुळल्या तर यंत्रमानव आपली किंमत वसूल करतो. बाग लहान असेल, यंत्र तकलादू असेल किंवा मजुरी स्वस्त असेल, तर तो करीत नाही. हीच रीत धुलाईयंत्र, मोटार किंवा सौर जलतापक घेतानाही लागू पडते. किमतीला वर्षांनी भागावे, त्यात चालू खर्च मिळवावा आणि त्या बदल्यात नेमके काय हाती येते, ते मोजावे. जाहिरातीत दिसते ती किंमत. खर्च मात्र ग्राहकाने स्वतःच मांडून पाहावयाचा असतो.